शिधा वेळेवर कोणी दिला? ‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ताची वाट पाहणं

‘पेट’ची तयारी करणाऱ्या गोंदियाच्या एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आला. तिला मराठी ख्रिस्ती साहित्यावर काम करायचं आहे. विषय मनात ठरलाय : ख्रिस्त पुन्हा येणार या विश्वासाने जगणारी माणसं मराठी लेखनात कशी दिसतात? तिने सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून केली. पुस्तक आवडलं, हसू आलं, रडूही आलं. पण ‘पुनरागमन’, ‘शेवटचा न्याय’, ‘युगाचा अंत’ असं काही फारसं हाती लागलं नाही. तिने विचारलंय, “पुस्तक बदलू की विषय बदलू?”

माझं उत्तर : दोन्ही राहू द्या. शोधायची जागा चुकली आहे. आजचा लेख त्याबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. ‘स्मृतिचित्रे’ हे ख्रिस्ताची वाट पाहत विश्वासूपणे जगण्याबद्दलचं मराठीतलं एक महत्त्वाचं पुस्तक आहे, असं मला वाटतं. मात्र त्यातला ‘विश्वासू दास’ आपण सहसा समजतो तो नाही. तो कवी नाही, कवीची बायको आहे.

आधी आपल्या रुळांवरची गोष्ट

नागपूरहून तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा करत डोंगरगड आणि पुढे राजनांदगावला जाणारा रेल्वेमार्ग गोंदियाकरांना नव्याने सांगायला नको. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत याच मार्गाने नारायण वामन टिळक नावाचा एक तिशीतला कवी राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात होता. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. त्याने सरकून जागा दिली. गप्पा संस्कृत काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरण्याआधी त्या माणसाने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांना ते तेव्हा पटलं नाही. तरी दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाच ते सात या अध्यायांशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनाशी, ते अडकले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना कळलं नाही.

इथे संशोधक म्हणून पहिला मोह होतो. “म्हणजे मराठीतल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती कवीचं मन गोंदियाच्या आसपास बदललं!” असं लिहायला हात शिवशिवतो. लिहू नका. गाडी या मार्गाने गेली इतकंच आपण म्हणू शकतो. संवाद कोणत्या स्टेशनाजवळ झाला याचा पुरावा नाही. शिवाय तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच. हा भाग मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता आणि गोंदिया वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. गावाचा अभिमान जरूर असू द्या, पण तो पुराव्याच्या जागी बसवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. टिळक ज्या अध्यायांशी अडकले, त्यांतच ती प्रसिद्ध प्रार्थना आहे जी येशू शिष्यांना शिकवतो. त्या प्रार्थनेत देवाचं राज्य येऊ दे ही मागणी आहे आणि थोडं पुढे रोजच्या भाकरीची मागणी आहे. दोन्ही एका दमात. येणाऱ्या राज्याची वाट आणि आजचं जेवण यांची फारकत त्या प्रार्थनेत नाहीच. वाट पाहण्याचा विषय तुम्ही फक्त ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात शोधत राहिलात, तर हे हातून निसटतं. माझ्या वाचक मैत्रिणीचं नेमकं हेच झालं होतं.

मोजपट्टी कुठून घ्यायची?

समीक्षेत एक जुना प्रश्न आहे. एखाद्याची श्रद्धा आपल्याला मान्य असो वा नसो, त्या श्रद्धेतून आलेलं लेखन मोजायचं कशाने? माझा अनुभव असा की पहिली मोजपट्टी त्या परंपरेच्या आतून घ्यावी. बाहेरची नंतर लावता येते. ख्रिस्त खरंच परत येणार का, हा प्रश्न आपल्या प्रबंधाच्या कक्षेत नाही. तो सिद्ध करणं किंवा खोडणं आपलं काम नाही. पण “वाट पाहणारा विश्वासू माणूस कसा असतो?” याचं वर्णन त्यांच्याच ग्रंथात असेल, तर लेखनातली माणसं त्या वर्णनाला कितपत उतरतात हे बघणं आपलं काम आहे.

मत्तयाच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या अध्यायांत अशी चार चित्रं ओळीने येतात. ती मुळातून वाचा. इथे थोडक्यात सांगतो.

पहिलं चित्र घरकारभाऱ्याचं. धनी बाहेरगावी गेलाय. एका दासाला घरातल्या लोकांवर नेमलंय. विश्वासू आणि शहाणा दास कोण? जो घरातल्यांना वेळच्या वेळी अन्न देतो तो. दुष्ट दास कोण? जो मनात म्हणतो, धन्याला उशीर होतोय, आणि सोबतच्या दासांना मारायला लागतो. दुसरं चित्र दहा कुमारींचं. वर यायला उशीर होतो. इथे एक बारकावा आहे जो पुष्कळ जण वाचताना गाळतात : दहाच्या दहा जणी झोपतात, शहाण्याही आणि मूर्खही. म्हणजे डोळ्यांत तेल घालून जागं राहणं हा फरक नाही. फरक आहे तो कुपीत तेल भरून ठेवण्याचा. तिसरं, धन्याने सोपवलेल्या पैशांचं : एक जण भीतीने ते जमिनीत पुरून ठेवतो आणि तोच दोषी ठरतो. चौथं, शेवटच्या न्यायाचं : भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा देणाऱ्यांना कळतही नाही की आपण हे राजासाठी केलं.

चारही चित्रांत तारीख नाही. आकाशाकडे बघणंही नाही. पहिल्या आणि चौथ्या चित्रात तर सरळ सरळ जेवणखाण आहे. याकोबाच्या पत्रात प्रभूच्या येण्याविषयी धीर धरायला सांगताना शेतकऱ्याचा दाखला दिलाय : तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो. आपल्याकडे पूर्व विदर्भात ही उपमा समजायला टीकाग्रंथ लागत नाही. पऱ्हे टाकलेले असतात, पाऊस लांबतो, सगळे वर बघतात. पण वर बघून रोवणी होत नाही. बांधीचे धुरे नीट करावे लागतात, पाणी अडवावं लागतं, पऱ्हे जगवावे लागतात. पाऊस आणणं आपल्या हातात नाही. पाऊस आला तेव्हा बांधी तयार असणं हातात आहे.

उलटं उदाहरणही ग्रंथातच आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही लोक कामधंदा सोडून बसले होते. पौलाच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात त्यांना खडसावलंय : शांतपणे काम करा आणि आपली भाकर खा. म्हणजे परतीच्या विश्वासातून माणूस निष्क्रिय होऊ शकतो, ही शंका बाहेरच्या टीकाकारांची नाही. ती पहिल्या शतकातच आतून घेतली गेलीय. तुमच्या आराखड्यात हे नोंदवा. परीक्षक हा प्रश्न विचारणारच.

तर मोजपट्टी अशी : धन्याला उशीर होत असताना घरातल्यांना वेळेवर शिधा कोणी दिला? आता ही पट्टी घेऊन ‘स्मृतिचित्रे’त जाऊ.

कवीला लावून बघू

टिळकांचं मोठेपण मान्य करूनच सुरुवात करू. मराठीत ख्रिस्ती भक्तीला त्यांनी अभंगाची, ओवीची, कीर्तनाची भाषा दिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचं ते सांगत. ‘ज्ञानोदय’मधलं त्यांचं लेखन, ‘अभंगांजली’, उपासनेतली त्यांची गीतं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्याशाचं जीवन पत्करलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ‘दरबार’ हा शब्द बघा. जो राजा यायचा आहे त्याचा दरबार आधीच भरवायचा. हा माझा अन्वय आहे, टिळकांचं विधान नाही. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता शिध्याचा प्रश्न. ‘स्मृतिचित्रे’त टिळक घरात कमी आणि वाटेवर जास्त दिसतात. न सांगता निघून जाणं, नोकरी धरणं आणि सोडणं, पैसा हाती आला की तो घरी पोहोचेल याची खात्री नसणं, समोर गरजू दिसला की घरात काय आहे याचा हिशेब न करता देऊन टाकणं. लक्ष्मीबाई हे सगळं इतक्या मिस्कीलपणे सांगतात की वाचक हसत हसत टिळकांना माफ करून टाकतो. हीच या पुस्तकाची ताकद आहे आणि समीक्षकासाठी हाच सापळा आहे. हसू ओसरल्यावर तोच प्रसंग पुन्हा वाचा आणि एकच विचारा : त्या दिवशी चूल कशावर पेटली?

बाप्तिस्म्याचंही तसंच. टिळकांचा निर्णय प्रामाणिक होता यात शंका नाही. पण त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. नवरा दुसऱ्या धर्मात गेला, म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला नवरा जिवंत असून संसार उरला नाही. पुढची वर्षं लहान मुलाला घेऊन नातलगांकडे, लोकांच्या नजरा झेलत काढायची. टिळकांच्या विश्वासयात्रेची कथा सांगणारे पुष्कळ लेखक हा काळ दोन वाक्यांत आटोपतात, कारण त्यांचं लक्ष नायकावर असतं. ‘स्मृतिचित्रे’ त्या दोन वाक्यांच्या आत आपल्याला बसवते. टिळक ज्या राज्याची वाट बघत होते तिच्या प्रवासखर्चाची रक्कम कोणाच्या नावावर पडली, हे कळतं.

इथे टिळकांना खलनायक करायची घाई नको. मत्तयातला दुष्ट दास सोबत्यांना मारतो आणि पिणाऱ्यांबरोबर खातोपितो. टिळक तसे अजिबात नव्हते. चौथ्या चित्राची पट्टी लावली, म्हणजे भुकेल्याला आणि परक्याला काय दिलं असं विचारलं, तर टिळक पुष्कळ पुढे निघून जातात. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी घरच्यासारखे राहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. अडचण अशी की टिळक चौथ्या चित्रात उत्तीर्ण होतात ते पहिल्या चित्रातल्या घरकारभाऱ्याच्या जिवावर. परक्याला घरात आणणारा एक आणि त्याच्यासाठी पीठ मळणारं दुसरं. एकाच ग्रंथातल्या दोन मोजपट्ट्या इथे एकमेकींशी भांडतात. आणि मोजपट्ट्या जिथे भांडतात तिथेच संशोधनाचा प्रश्न असतो.

घरकारभारीण

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. पुस्तकाची सुरुवातच वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने होते. अन्न, पाणी, स्पर्श : काय शिवायचं, काय धुवायचं, कोणाच्या हातचं खायचं नाही. म्हणजे हे पुस्तक पहिल्या पानापासून अन्नाबद्दलच आहे. पुढे त्या नवऱ्याकडे अहमदनगरला राहायला आल्या तेव्हाही त्यांनी स्वतःचं सोवळं सांभाळलं. आणि त्यांच्या आयुष्यातलं निर्णायक वळण कुठे येतं? एखाद्या प्रवचनात नाही, वादविवादात नाही. जात देवाने केली की माणसाने, या विचाराशी झगडताना त्यांना वाटतं की हा भेद माणसाचा आहे, आणि मग त्या कोणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायला तयार होतात. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी.

ही पाच वर्षं नीट बघा. टिळकांनी एका प्रवासात मिळालेल्या पुस्तकापासून सुरुवात केली, लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरापासून. टिळकांचा बदल मनात झाला आणि मग घरावर कोसळला. लक्ष्मीबाईंचा बदल ताटात झाला आणि मग मनाने त्याला नाव दिलं. त्यांच्या श्रद्धेत भाषणबाजी कमी का, याचं कारण मला यात दिसतं. ज्यांनी विश्वास रोज पोळपाटावर लाटला, त्यांना तो शब्दांत वेगळा मांडायची निकड वाटली नसावी. म्हणून तुम्ही ‘पुनरागमन’ हा शब्द शोधलात तर तो सापडत नाही. ‘भूक’, ‘पाणी’, ‘चूल’, ‘पाहुणा’ हे शब्द शोधा. पुस्तक एकदम बोलायला लागतं.

या पुस्तकाचं जोसेफिन इंकस्टर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ नावाने आलं. फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हेच शब्द येतात. तिथे पौल आपण ध्येयाकडे धावतोय असं सांगतो. पण मराठी कानाला ते शीर्षक ‘नवऱ्यामागून आले’ असंही ऐकू येतं. आणि ते मला पटत नाही. लक्ष्मीबाई मागून आल्या नाहीत. त्या आपल्या वेगाने, आपल्या कारणाने, वेगळ्या दारातून आत आल्या. २०१७ साली शांता गोखले यांचं नवं इंग्रजी भाषांतर आलं. त्यांनी मूळ नावच ठेवलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. भाषांतराच्या शीर्षकात समीक्षा कशी दडलेली असते, याचं इतकं चांगलं उदाहरण पटकन मिळत नाही.

आणखी एक पुरावा पुस्तकाबाहेरचा. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं आणि ते अपुरं राहिलं. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने, उतारवयात. त्याही १९३६ साली गेल्या. शेवट मुलगा देवदत्त यांनी पुरा केला आणि १९३८ साली ते छापून झालं. धनी परतायच्या आत काम पुरं झालं पाहिजे, ते कोणाच्याही हातून झालं तरी चालेल, असं ते तीन हातांचं काम आहे.

एक हरकत : एका घरावरून एवढं?

रास्त आहे. एका कुटुंबावरून सिद्धांत मांडू नये. शिवाय कोणी म्हणेल, टिळकांच्या घरात पुनरागमनाची ओढ ठळक नव्हतीच, मग हे उदाहरण सोयीचं निवडलं. म्हणून उलट्या टोकाचं एक उदाहरण तपासू. केडगावचं मुक्ती मिशन.

पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या, १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ साली त्यांनी शारदा सदन उघडलं. इथपर्यंत आपली पाठ्यपुस्तकं त्यांच्यासोबत असतात. पुढे आवाज कमी होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली, बाया केडगावला घेऊन गेल्या. तेव्हाचा भंडारा जिल्हा, म्हणजे आजचा गोंदियाही, त्याच प्रांतातला. त्या नेमक्या इथे आल्या असं मात्र मी म्हणत नाही. मुक्तीत पुढे माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ च्या जूनअखेर तिथे मोठी धार्मिक जागृती झाली : तासन्‌तास प्रार्थना, रडणं, पापांची कबुली. वेल्समधली १९०४-०५ ची जागृती आणि लॉस एंजेलिसमधली १९०६ ची अझुसा स्ट्रीटची सभा यांच्यासोबत केडगावचं नाव घेतलं जातं. या जगभरच्या प्रवाहात प्रभूचं येणं जवळ आलंय, ही भावना तीव्र होती.

म्हणजे इथे वाट पाहण्याची धग भरपूर. मग कामाचं काय झालं? थेस्सलनीकासारखं झालं का? नाही झालं. शाळा चालू राहिली, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना चालू राहिला, अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. आणि स्वतः रमाबाईंनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं एका लांब पल्ल्याच्या कामाला दिली : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या, बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर. छपाईसाठी खिळे जुळवणाऱ्या हातांत मुक्तीतल्या मुलींचे हात होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या; छापील ग्रंथ त्यानंतर आला. शेवट जवळ आहे असं मानणाऱ्या वातावरणात वर्षानुवर्षं चालणारं काम हाती घेणं, हा विरोधाभास वाटतो ना? मत्तयाच्या पट्टीने तो वाटत नाही. धनी कधीही येईल, म्हणूनच तर आजचं काम आज.

इथेही तोच सापळा. केडगावबद्दल लिहिताना एकतर समाजसेवा तेवढी घ्यायची आणि प्रार्थना वगळायची, किंवा प्रार्थना तेवढी घ्यायची आणि तेलघाणा वगळायचा, अशा दोन सवयी आहेत. पहिली सुधारणेच्या इतिहासकारांची, दुसरी भक्तिपर चरित्रांची. दोन्ही अर्धवट. आणि तिसरा, अवघड प्रश्न दोघीही टाळतात : ज्या मुलीला भाकरीसाठी दुसरं दारच नव्हतं, तिने त्या दारात स्वीकारलेला धर्म कितपत तिचा? शिधा देणाऱ्याच्या हातात सत्ताही असते. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न न विचारता मुक्तीवर लिहिलेला प्रबंध मी विश्वासू म्हणणार नाही.

पुंडलिकाचा मोह

मराठी वाचकाला एव्हाना पुंडलिक आठवला असेल. देव दारात आला, पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट सरकवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. विश्वासू दासाशी साम्य स्पष्ट आहे : देव येतो तेव्हा माणूस कामात सापडतो. टिळकांसारख्या माणसाच्या मनात हे चित्र होतं का, हे शोधण्यासारखं आहे. पण साम्य दिसलं की लगेच समीकरण मांडू नका. पुंडलिकाच्या कथेत वाट देव पाहतो. मत्तयात वाट माणूस पाहतो. एकीकडे देव आलाय आणि थांबलाय, दुसरीकडे तो यायचाय. विटेवरचा देव आणि उशीर करणारा धनी या दोघांच्या मधल्या जागेत मराठी ख्रिस्ती कवीचं मन घडलं असेल, तर ते फार रोचक आहे. पण ‘असेल तर’ हे दोन शब्द प्रबंधात राहू द्या.

तर मैत्रिणीने काय करावं?

विषय तोच ठेव. फक्त प्रश्न असा लिहून बघ : “मराठी ख्रिस्ती आत्मकथनात ख्रिस्ताची वाट पाहणं कोणत्या रोजच्या कामांतून व्यक्त होतं, आणि त्या कामांचा भार कोणावर पडतो?” या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग श्रद्धावान वाचकाला आपला वाटेल, दुसरा अर्धा चिकित्सकाला. दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ दे.

‘स्मृतिचित्रे’ वापरताना भान ठेव की पुस्तक १९३४ ते १९३६ च्या दरम्यान आलं, टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. आठवण तेव्हाची असली तरी आवाज वयस्क लक्ष्मीबाईंचा आहे. त्यांनी माफ केलेलं आणि विसरलेलं आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शिध्याबद्दलचं माझं विधानही त्या आवाजावर उभं आहे, घरखर्चाच्या वहीवर नाही. तेवढी जागा त्याला सोडलीच पाहिजे.

आणि तू स्वतः ख्रिस्ती घरातली असशील (तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही) तर “आपल्याच श्रद्धेवर संशोधन करता येतं का?” ही भीती वाटेल. नसशील तर “मला हे बोलायचा अधिकार आहे का?” ही वाटेल. दोन्ही भीतींना मला एकच उत्तर सुचतं. धन्याने दिलेले पैसे जमिनीत पुरून ठेवणारा माणूस भीतीनेच तसं करतो, असं ती गोष्ट सांगते. विषय पुरून ठेवू नकोस. नागपूरच्या गाडीत बसशील तेव्हा पिशवीत ‘स्मृतिचित्रे’ असू दे आणि या वेळी टिळक कुठे निघाले याच्या नोंदी घेऊ नकोस. ते गेल्यावर घरात कोण जेवलं आणि ते कोणी रांधलं, याच्या घे.